सारांश बंद, चुगली चालू

त्या रविवारी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या फोनमधून एक अख्खी कादंबरी पुसली जाणार होती. ती वाचवायची तर तिला आपल्या आईशी, चारचौघांसमोर, मराठीत भांडायचं होतं. मुलीचं मराठी बेताचं. आई पुण्यात वाढलेली, आयटीतली, शब्दाला शब्द कमी न पडणारी. मी त्या वर्गाची शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. नियमाप्रमाणे मला कुणाचीच बाजू घेता येत नव्हती. नियम मीच केलेला, त्यामुळे तो मोडायची जास्तच इच्छा होत होती.

वर्ग भरतो हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्यालगतच्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये. टेबल-टेनिसचं टेबल मिटून भिंतीला लावायचं आणि सतरंजी घालायची. रविवारी दहा ते साडेअकरा. मुलं नऊ. त्यांचे आईवडील नोकरीपायी महाराष्ट्रातून म्हैसूरला आलेले. मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, खाली खेळताना कन्नड, आणि घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जमेल त्या भाषेत उत्तर देतात. मुलांना मराठी वाचता यावं म्हणून पालकांनी वर्ग काढला आणि शिकवायला मला धरलं.

ह्यात गंमत अशी की मी इथलीच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की माझं वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये पोचतं. शिवाय मी जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं ते कन्नडच. पहिल्याच दिवशी एका वडिलांनी सांगितलं, "काकू, तुमचं मराठी फार गोड आहे हो." गोड म्हणजे काय ते मला कळतं. पण रविवारची सकाळ मोकळी असलेली आणि खडू हातात धरलेली दुसरी बाई चारही टॉवरमध्ये नव्हती.

पहिले दोन महिने मी पाठ्यपुस्तक घेऊन बसले. नऊची चार मुलं झाली. चारातली एक झोपायची. मग मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, आपापली कादंबरी आपण निवडायची. कुठल्याही भाषेतली. दहा पानांत आवडली नाही तर सोडायची, कारण विचारणार नाही. तुम्ही निवडाल ते मीही वाचणार. बोलायचं मात्र मराठीत, आणि भांडायचंही मराठीत.

खरा नियम नंतर सापडला, तोही कंटाळ्यातून. एका मुलीला मी सारांश विचारला, तर ती दुकानाची पाटी वाचल्यासारखी घडाघडा बोलली. त्यात तिचं एक अक्षर नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "सारांश बेडा गं. नकोच तो. त्या नायिकेची चुगली कर. तुझी आई फोनवर करते तशी."

मुलीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग नळ सोडल्यासारखी सुरू झाली. "ती ना, तोंडावर एकदम गोड. मला तर आधीच वाटलं होतं." बाकीची सरसावून बसली. सारांशाला लागणारं मराठी ह्या मुलांनी कधी ऐकलेलंच नाही. चुगलीचं मराठी मात्र त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलंय. ते तयार होतं, कुणी मागितलं नव्हतं एवढंच. तेव्हापासून आमच्या वर्गात सारांश बंद आणि चुगली चालू. अडलं तर कन्नड शब्द घालायचा, कुणीतरी हात वर करून मराठी शब्द द्यायचा. मिळाला नाही तर कन्नडच ठेवायचा. 'सुम्मे' हा शब्द असाच राहून गेला. उगीच, काही कारण नाही, बसलेय आपली, हे सगळं त्या एका शब्दात मावतं आणि नऊ जणांना मिळून त्याला पर्याय सुचला नाही.

मुलांनी कादंबरी निवडायची ही कल्पना शहाणपणातून आली असं वाचणाऱ्याला वाटू नये. ती मी आधी एकदा करून बसले होते, एकतिसाव्या वर्षी. त्या वेळच्या बाईशी माझं नातं आता फारसं उरलेलं नाही, म्हणून तिला मी 'मिस' म्हणते. शाळेत मुली म्हणायच्या तसंच.

तर ही मिस कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, एका प्रशिक्षण शिबिरातून नवा विचार घेऊन आली. तिनं फळ्यावर 'मुक्त निवड' असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि त्याखाली स्वतः निवडलेल्या दहा कादंबऱ्यांची यादी लिहिली. ह्या दोन गोष्टी एकाच फळ्यावर कशा बसतात असा प्रश्न तिला पडला नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गानं सात नंबरची कादंबरी निवडली. मिस हरखली. स्टाफरूममध्ये तिनं सांगितलं की मुलींना उपजत साहित्याची जाण असते, फक्त विश्वास टाकावा लागतो. ग्रंथालय सांभाळणारे शिपाई रजिस्टर द्यायला आले होते. ते म्हणाले, "सात नंबर सगळ्यांत पातळ आहे, मिस."

वर्गातल्या एकीनं मात्र सात नंबर घेतला नव्हता. ती शेवटच्या बाकावर बसायची. तिनं दप्तरातून एक जाडजूड बाड काढलं. साप्ताहिकात दर आठवड्याला येणारी कादंबरी तिच्या आईनं कापून, ओळीनं लावून, गोधडीच्या दोऱ्यानं शिवली होती. वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. त्या काळी घराघरात अशी बाडं असायची. मिसच्या स्वतःच्या आईकडेही दोन होती, पण ती घरातली गोष्ट.

"हे काय आहे?"

"कादंबरी, मिस."

"यादीत आहे का?"

"यादीत नाही, मिस. घरात आहे."

मिसनं बाड उघडलं. एका बाजूला कादंबरी आणि पान उलटलं की पाठीमागे केसांच्या तेलाची जाहिरात. कात्रीनं बाईचं अर्धं तोंड उडालेलं, केस तेवढे शाबूत. "ह्याला पुस्तक म्हणत नाहीत," मिस वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यात तेल आहे." वर्ग हसला. साहित्याच्या तासाला वर्ग हसतोय म्हणून मिसला बरंच वाटलं.

बाडाच्या मधोमध वहीची चार पानं शिवलेली होती. निळी शाई, मुलीचं अक्षर.

"आणि हे?"

"एक अंक आलाच नाही, मिस. सतरावं प्रकरण गेलं. आईला पुढचं वाचायचं होतं. म्हणून तेवढं मी लिहिलं."

इथे कुणीही शहाणी बाई खुर्चीवर बसली असती आणि तिनं ती चार पानं वाचली असती. मिसनं बाड मिटलं, परत दिलं आणि सांगितलं, "तू सात नंबर घे."

तिनं घेतला. परीक्षेत त्याच्यावर नीट उत्तरंही लिहिली. पुढे तिचं काही वाईट झालं असं मला वाटत नाही. शाळा संपली, ती गेली. मला एवढंच माहीत आहे की त्या तेलाच्या जाहिरातीतली शेवटची ओळ मला अजून पाठ आहे आणि सतराव्या प्रकरणातला एक शब्दही माहीत नाही.

आता फोनवाल्या मुलीकडे येते. ती वर्गात आली तेव्हा तीन रविवार गप्प होती. चौथ्या रविवारी तिनं फोन पुढे केला. "अज्जी, माझी कादंबरी ह्यात आहे."

कादंबरी कन्नड होती. कोण लिहितंय ते कुणालाच माहीत नाही. टोपणनाव, आणि फोटोच्या जागी शिवणाच्या मशीनचं चित्र. दर गुरुवारी संध्याकाळी एक भाग यायचा. त्या दिवशी पंचविसावा चालू होता. मी चष्मा सारखा करून वाचायला लागले तर मध्येच जाहिरात उसळून वर आली. ह्याला पुस्तक म्हणत नाहीत, हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं, इस्त्री करून. मी जाहिरात बघितली. तेलाची नव्हती, शाम्पूची होती. म्हटलं, जग पुढे गेलंय. तोंड मिटलं आणि सुनेकडून ते ॲप माझ्या फोनवर घालून घेतलं.

कादंबरी अशी होती. पिरियापट्टणला तंबाखूच्या गोदामाशेजारी तीन बहिणींचं शिवणाचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. थोरलीचा नवरा दुबईला गेला तो गेलाच. पण ती गिऱ्हाइकांना सांगते की रोज त्याचे मेसेज येतात, आणि दाखवतेसुद्धा. ते मेसेज तीच पाठवते. तिनं दुसरा एक फोन घेतलाय, त्याचा नंबर नवऱ्याच्या नावानं साठवलाय, आणि तो फोन स्वयंपाकघरात नाचणीच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवलाय. बहिणींनाही माहीत नाही. अठ्ठेचाळिसाव्या भागात दुकान बायकांनी भरलेलं आहे, थोरली कापड बेततेय, आणि तिचा स्वतःचा फोन वाजतो. पडद्यावर नवऱ्याचं नाव. म्हणजे फोन येतोय पिठाच्या डब्यातून. तिथे भाग संपला.

मी त्या गुरुवारी जेवताना सुनेला दोनदा ऐकवलं, "पिठाच्या डब्यातून गं!" तिनं आमटी वाढली.

पुढच्या गुरुवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लिहिणाऱ्या बाईनं, किंवा बुवानं, काही कळवलंही नाही. आणि नेमक्या त्याच सुमारास मुलीच्या आईनं फोन तपासला.

आई क्लबहाउसच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, मी हिला वर्गात मराठी वाचायला पाठवते. ही फोनवर कन्नड सिरियल वाचते."

"कादंबरी आहे," मी म्हटलं.

"त्याला शेवट आहे का?"

"अजून नाही."

"मग कादंबरी कशी? हा टाइमपास आहे. नववीचं वर्ष आलंय. मी ते ॲप पुसते."

मुलगी मागे उभी होती. ती रडली नाही, पण तिनं फोन दोन्ही हातांत असा धरला होता की मला त्या गोधडीच्या दोऱ्याची आठवण झाली. मी म्हटलं, "पूस की. पण आमच्या वर्गाची पद्धत आहे. आधी भांडण. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालक येतात, तेव्हा हिला बोलू दे. तुला पटलं नाही तर तिथेच पूस, सगळ्यांसमोर."

"मराठीत?"

"मराठीत."

आई हसली. आपली मुलगी मराठीत किती वेळ टिकेल ह्याचा तिला अंदाज होता.

त्या आठवड्यात मुलगी माझ्याकडे सरावाला येऊन बसली. सराव कसला, दोघी सुम्मे बसलो होतो. मी तिला शिवलेल्या बाडाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

"मग सतराव्या प्रकरणात काय होतं, अज्जी?"

"माहीत नाही."

"वाचलं नाही?"

"नाही."

"अय्यो." ती म्हणाली. "ती मिस एकदम वेस्ट होती, अल्वा? हो ना?"

"अगदी वेस्ट," मी म्हटलं. मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी सतरंजी कमी पडली. पालक खुर्च्यांवर, मुलं खाली. मुलगी उभी राहिली. तिची आई फोन मांडीवर घेऊन बसली होती. फोन मुलीचाच, बोट तयार. मी खिडकीबाहेर बघत होते. चेहऱ्यावर बाजू दिसू नये म्हणून.

"ती थोरली ना," मुलगी म्हणाली, "एकदम फुशारकीवाली आहे. गिऱ्हाईक आलं की आधी फोन काढते, मग टेप." कुणीतरी हसलं. "आणि मेसेज कसले पाठवते स्वतःला! जेवलीस का. बस. एवढंच. रोज. दुसरं काही सुचत नाही तिला. नवऱ्याचं... अज्जी, कन्नड 'कल्पने'ला मराठीत काय?"

"कल्पनाच," दोघं-तिघं म्हणाले.

"नवऱ्याची कल्पना पण करता येत नाही तिला नीट."

बायकांमध्ये खसखस पिकली. मुलीला धीर आला. तिनं पिठाचा डबा सांगितला, भरलेलं दुकान सांगितलं, वाजलेला फोन सांगितला. मग आईकडे वळून म्हणाली, "आणि तू म्हणते शेवट नाही म्हणून कादंबरी नाही. शेवट नाही म्हणूनच तर मला झो... मला अभ्यास होत नाही."

"तेच म्हणतेय मी!" आई म्हणाली. "अभ्यास होत नाही! आणि कशासाठी? त्यात न कळण्यासारखं काय आहे? फोन त्या धाकटीनं केलाय."

"नाही! तिला माहीतच नाही फोनचं. कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच? कसल्या पिठाचा डबा म्हणालीस?"

"नाचणीच्या."

"अगं मग? इथे रोज नाचणीच्या पिठाचे गोळे करतात, मुद्दे. आपल्याकडे भांड्याला येतात त्या मावशींच्या घरी सकाळी मुद्दे, संध्याकाळी मुद्दे. रोज हात जातो त्या डब्यात. थोरली दिवसभर मशीनवर. मधली काय करते?"

"काज-बटण."

"मग गोळे कोण वळतं घरात?"

मुलगी बोटांवर भाग मोजायला लागली. मी जन्मभर नाचणी खाल्लेली बाई. अठ्ठेचाळीस भाग वाचले, डब्यात हात घालायचं मला सुचलं नव्हतं.

"धाकटी," मुलगी हळूच म्हणाली. "बाराव्या भागात आहे. तिच्या हाताला चटके बसतात."

"मग? तिला कधीच सापडलाय तो फोन. कंटाळली असेल रोज रोज खोटं ऐकून. सगळ्यांसमोर उघडं पाडलं थोरलीला. मी पण पाडलं असतं."

"नाही, आई." मुलगी आता भांडत नव्हती, विचार करत होती. "उघडं पाडायचं असतं तर तिनं तो फोनच आणून दाखवला असता ना दुकानात. तिनं कॉल केला. तिला वाटलं असेल, थोरलीला एकदा तरी फोन यावा. सगळ्या बायकांसमोर. नुसते मेसेज नाही."

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्याकडे भांडणात असं झालं की तो मुद्दा समोरच्याला जातो, पण त्या दिवशी ते जाहीर करायचं कुणाला सुचलं नाही. मग आईनं फोन मांडीवरून उचलला आणि मुलीकडे दिला.

"पुढचा भाग येऊ दे," ती म्हणाली. "मी म्हणते ते बरोबर की तू म्हणतेस ते, तेवढं बघू. मग पुसू."

ह्या गोष्टीला आता पाच-सहा महिने झाले. पुढचा भाग आलेला नाही. त्यामुळे पुसायची वेळही आलेली नाही. मुलगी नववीत गेली. लिफ्टमध्ये आई भेटली की नमस्काराच्या आधी विचारते, "आला का हो, काकू?" मी मान हलवते. मग ती म्हणते, "धाकटीच आहे बघा ती," आणि सातव्या मजल्यावर उतरते.

परवा मुलगी वर्ग संपल्यावर मागे राहिली. तिनं मला सहा पानं दिली, हातानं लिहिलेली, मराठीत. मधले काही शब्द कन्नड, त्यांच्याखाली रेघ. वर लिहिलं होतं, एकोणपन्नास.

"आई रोज विचारते," ती म्हणाली. "मग म्हटलं आपणच लिहू. तिला अजून दाखवलं नाही."

"फोन धाकटीनंच केलाय ना?"

"नाही, अज्जी. बदललं. आईनं आधीच ओळखलं, मग तिला वाचायला काय मजा?"

कुणी केला ते तिनं सांगितलं नाही. वाचा म्हणाली आणि गेली. मी घरी येऊन चष्मा लावला. पानं तिनं आईच्या ऑफिसमधून आणलेल्या वापरलेल्या कागदांवर लिहिली होती. माझ्याकडे आलेली बाजू छापील होती, कसला तरी तक्ता, आडवे उभे रकाने, खाली बारीक अक्षरात टिपा. मी तो तक्ता वाचायला लागले. तिसऱ्या रकान्यापर्यंत पोचलेसुद्धा. मग पान उलटलं.